पूलचा ‘वास’ म्हणजे स्वच्छता नव्हे! छपराखालच्या तलावांची हवा तपासणार कोण?

इन्सुली (ता. सावंतवाडी) : गोव्यातून येणारी गाडी बांदा ओलांडून पुढे आली की इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर कधीही थांबवली जाऊ शकते. डिकी उघडा, सीटखाली बघू द्या, टेम्पोतल्या मालाखाली काय आहे ते दाखवा. गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या या नाक्यावरून नेमाने येत असतात. सीमेवरून काय आत येतं याची तपासणी इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

पण याच सीमेवरून आणखी एक गोष्ट आत आली आहे आणि ती कुठल्याच नाक्यावर थांबत नाही. ती म्हणजे गोव्याच्या धर्तीचं पर्यटन. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि इथून जवळचं मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. त्यामुळे महामार्गालगतच्या गावांत रिसॉर्ट, व्हिला, होम-स्टेची चर्चा घराघरांत पोहोचली. बुकिंग करणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो, पूल आहे का?

आजवर आपल्याकडचे पूल बहुतेक उघड्यावरचे. पण जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने पूल बंद ठेवणं धंद्याला परवडत नाही. मग वरती पत्रे किंवा पॉलिकार्बोनेटची शीट टाकायची, बाजूने काचा लावायच्या, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यासाठी हीटर बसवायचा आणि कोपऱ्यात एक जकुझी, असा विचार कोणाच्याही डोक्यात येणं साहजिक आहे. इथेच खरी काळजीची गोष्ट सुरू होते. उघड्यावरच्या तलावात पाण्याचीच काळजी घ्यावी लागते. छपराखालच्या तलावात पाण्याइतकीच हवेचीही घ्यावी लागते, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही.

कासारवाडीने दिलेला इशारा

क्लोरीन किती घातक ठरू शकतो हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं आहे. १० ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या महापालिका जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. पोहायला आलेले नागरिक आणि तिथले कर्मचारी यांना खोकला, घशाची जळजळ आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. सुमारे वीस जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

हा अपघात होता. एकदम झाला, डोळ्यांना दिसला, बातमी झाली. छपराखालच्या तलावातला त्रास याच घराण्यातला, पण संथ. तिथे वायूची टाकी फुटत नाही. रोज थोडा थोडा वायू पाण्यातून वर येतो, कोंडून राहतो आणि माणसं तो श्वासात घेत राहतात. त्याची बातमी होत नाही. फार तर कोणीतरी म्हणतं, ‘पोहून आल्यापासून खोकला लागलाय.’

तो वास नेमका कशाचा?

पूलजवळ गेल्यावर नाकात जो उग्र वास शिरतो, त्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो आणि पाणी स्वच्छ आहे असं समजून निर्धास्त होतो. खरं तर गोष्ट उलटी आहे. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या स्वच्छ तलावाला जेमतेम वास असतो. उग्र वास येतो तो क्लोरामाईनचा.

पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम, तेल, क्रीम आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाण्यात केलेली लघवी, या सगळ्यांत नायट्रोजन असलेले पदार्थ असतात. क्लोरीन त्यांच्याशी जोडला गेला की क्लोरामाईन तयार होतात. जंतू मारण्याची त्यांची ताकद फारच कमी, पण डोळे चुरचुरायला लावण्याची भरपूर. त्यांतला ट्रायक्लोरामाईन हा प्रकार पाण्यात टिकत नाही, चटकन हवेत येतो. हवा खेळती नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतो. पोहणाऱ्याचं नाक आणि तोंड असतं तेही नेमकं तिथेच. शिवाय पोहताना माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो. लहान मुलांची उंचीही कमी, त्यामुळे काठावर उभं असतानाही त्यांचं तोंड त्या थराच्या जवळ असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हवेतल्या या वायूसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली. म्हणजे जगात हा विषय नवा नाही. नवा आहे तो आपल्याकडे.

गरम पाणी, बंद काचा

उष्णता वाढली की हे सगळं बिघडायला वेळ लागत नाही. पाणी गरम असेल तर पोहणाऱ्याला घाम जास्त येतो, म्हणजे क्लोरामाईनला कच्चा माल जास्त. गरम पाण्यातून वायू हवेत लवकर सुटतो, बाष्पीभवन वाढतं. जंतू मारणारा मुक्त क्लोरीनही लवकर संपतो, म्हणून चालक आणखी पावडर ओततो. वास वाढतो. मग पुन्हा पावडर. हे चक्र कुठेच थांबत नाही.

कोकणात तर यासाठी हीटरचीही गरज नाही. पारदर्शक शीटच्या छपराखाली ऑक्टोबरचं आणि मार्च ते मे या महिन्यांतलं ऊन आत शिरतं आणि अडकतं. दुपारी तिथे भट्टीच होते. आपल्या हवेत आधीच दमटपणा, त्यामुळे घाम सुकत नाही. पाणीही गरम असेल तर शरीराला थंड व्हायला वावच राहत नाही.

गरम पाण्यात जोराने पोहणं किती धोक्याचं ठरू शकतं, हे अमेरिकेच्या फ्रॅन क्रिपेन या २६ वर्षांच्या राष्ट्रीय दर्जाच्या जलतरणपटूच्या मृत्यूने जगापुढे आलं. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे समुद्रातल्या स्पर्धेत तो बुडाला. तिथलं पाणी फार गरम होतं अशी तक्रार इतर स्पर्धकांनीही केली होती. पुढे खुल्या पाण्यातल्या स्पर्धांसाठी ३१ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा ठरवण्यात आली. तलावातल्या स्पर्धांसाठी पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवलं जातं. मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेला पोरांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

जकुझीचा हिशेब आणखी वेगळा. ४० अंश ही तिची वरची मर्यादा मानली जाते. पण २० ते ४५ अंशांच्या टापूत लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसती दाखवायला ठेवलेली गरम पाण्याची टब या साथीला कारणीभूत ठरली. ३२ माणसं दगावली. त्या टबमध्ये कोणी उतरायचीही गरज पडली नाही.

आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळात २०२४ मध्ये मेंदूला संसर्ग करणाऱ्या अमिबाने मुलांचे बळी घेतले. हा जीव कोमट, नीट क्लोरीन न घातलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. म्हणजे वासाला घाबरून क्लोरीनच कमी करणं हाही उपाय नाही. क्लोरीन पुरेसा हवा आणि हवाही खेळती हवी. दोन्ही एकदम.

पाहुणा दोन दिवस, कामगार बारा महिने

या विषयाची चर्चा झालीच तर पाहुण्यांच्या अंगाने होते. पण पाहुणा येतो, तासभर डुंबतो, दोन दिवसांनी निघून जातो. त्याच हवेत रोज आठ-दहा तास कोण उभं असतं? जीवरक्षक म्हणून लागलेला गावातलाच मुलगा, फरशी पुसणारी बाई, पंपघरात पावडर कालवणारा कामगार. ही नोकरी गावात मिळाली म्हणून घरात समाधान असतं. मुलगा मुंबईला किंवा गोव्याला गेला नाही याचा आनंद असतो. खोकल्याचं मग कोण मनावर घेतो?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोन जीवरक्षक आणि एक पोहण्याचा शिक्षक. तिघांनाही दमा होता आणि तो बंदिस्त तलावाच्या हवेतल्या क्लोरामाईनमुळे जडल्याचं तपासणीत दिसलं. त्याआधी १९९८ मध्ये अमेरिकेत फवारे आणि धबधबे असलेल्या एका बंदिस्त तलावातल्या जीवरक्षकांमध्ये फुप्फुसाला सूज येण्याचा आजार आढळला होता. फवाऱ्यांमुळे पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूंचे अंशही. पाहुण्यांना आवडतो म्हणून बसवलेला ‘वॉटरफॉल’ कामगाराच्या छातीवर असा उतरू शकतो.

छोट्या लॉजच्या तलावात काय होऊ शकतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं आहे. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या एका मोटेलच्या बंदिस्त तलावात पोहल्यानंतर एका मुलाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. चौकशीत एकूण २४ जणांना त्रास झाल्याचं आढळलं. पाण्यातलं रसायनांचं प्रमाण पार बिघडलेलं होतं. मोठ्या शहरातला भव्य तलाव नव्हता तो. आपल्याकडच्या रिसॉर्टसारखीच राहायची साधी जागा होती.

मग मुलांना पोहायला पाठवायचंच नाही का?

असा अर्थ कोणी काढू नये. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००३ मध्ये शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बंदिस्त तलावात नेहमी जाण्याचा संबंध दम्याशी असू शकतो असं मांडलं. त्यावर जगभर चर्चा झाली. पुढे २०११ मध्ये ब्रिटनमध्ये पाच हजारांहून जास्त मुलांच्या पाहणीत पोहण्यामुळे दम्याचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट जास्त पोहणाऱ्या मुलांची फुप्फुसं अधिक चांगली काम करत होती.

दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होतं. पोहणं चांगलंच. वाईट आहे ती कोंडलेली हवा. ज्या तलावाची हवा चांगली राखली जाते तिथे मूल सुदृढ होतं, जिथे राखली जात नाही तिथे त्याच मुलाला धाप लागू शकते. आणि पोहता येणं ही कोकणात चैन नाही, गरज आहे. व्हाळात, कोंडीत, बावीत ‘पेवायला’ शिकलेली पिढी आता म्हातारी होत चालली. नव्या पोरांना तलावावाचून पर्याय उरणार नाही. म्हणूनच तलाव सुरक्षित असणं जास्त महत्त्वाचं.

छप्परही सुरक्षित नाही

ही हवा फक्त छातीलाच खात नाही. ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत खाली कोसळलं. १२ जण मेले. इमारत जेमतेम १३ वर्षांची होती. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलं होतं, त्या तलावाच्या क्लोरीनयुक्त दमट हवेने आतून तडकल्या होत्या. वरून पाहता सगळं ठीक दिसत होतं.

खाऱ्या वाऱ्याने पत्रे आणि खिळे किती वर्षांत कुजतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. त्यात क्लोरामाईनची भर पडली तर? ‘स्टेनलेस आहे, गंजत नाय’ या भरवशावर राहणं उस्टरला महागात पडलं. छपराखालच्या तलावाचे नट-बोल्ट आणि टांगलेले दिवे-पंखे दरवर्षी जाणकाराकडून बघून घेणं म्हणूनच आवश्यक आहे.

उन्हाळ्यातलं पाणी आणि तलाव

आता स्थानिक अडचण. क्लोरामाईन कमी करण्याचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे रोज थोडं जुनं पाणी काढून ताजं पाणी घालणं. ब्रिटनमध्ये तलावचालकांना दर पोहणाऱ्यामागे ३० लिटर ताजं पाणी घालायची शिफारस केली जाते. दिवसाला २० पाहुणे पोहले तर ६०० लिटर. जुलैमध्ये हे काहीच नाही. पण एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि वाडीत पाण्यासाठी वाद होतात, तेव्हा हेच ६०० लिटर जड जातात. मग पाणी बदलायचं टाळलं जातं, तेच पाणी फिरवलं जातं. पर्यटनाचा गर्दीचा हंगामही तोच, उन्हाळी सुट्टीचा. जास्त माणसं, जुनं पाणी, तापलेलं छप्पर. बिघाडाची तिन्ही कारणं एकाच महिन्यात जमून येतात.

दुसरी चूक एसीची. गरम होतं म्हणून मालक भिंतीवर स्प्लिट एसी लावतो आणि खिडक्या बंद करतो. पण साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. गारवा वाटतो, वायू तिथेच राहतो. पावसाळ्यात खिडकी उघडली तर दमट हवा येते, हे खरं. त्याने ओल जाणार नाही, पण वायू जाईल. जीव वाचवायचा तर ओल चालेल, कोंडमारा चालणार नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

यासाठी मुंबईहून पथक यायची वाट बघायला नको. तपासणीची अर्धी यंत्रणा गावात आधीच आहे. नळपाणी योजनेच्या टाकीत टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक प्रत्येक ग्रामपंचायतीत असतो. आरोग्य कर्मचारी पाण्याची ओटी टेस्ट घेतात, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं कळतं. पाण्याच्या स्रोतांना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धतही गावाला ठाऊक आहे. पिण्याच्या पाण्याला जो न्याय, तो पैसे घेऊन लोकांना उतरवल्या जाणाऱ्या पाण्याला का नको?

एक फरक मात्र लक्षात घ्यावा. तलावासाठी नुसता ‘क्लोरीन आहे’ एवढं कळून भागत नाही. मुक्त क्लोरीन किती आणि जोडला गेलेला किती, हे वेगळं कळायला हवं. त्यासाठी डीपीडी किट मिळतं. पूलमध्ये मुक्त क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम, जकुझीत किमान ३ आणि पाण्याचा सामू ७ ते ७.८ असावा, अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे. तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३३२८ हे मानकही आहे. नवीन बांधकामाचा किंवा व्यवसायाचा अर्ज आला की ग्रामपंचायतीने तीन प्रश्न विचारावेत. ताजी हवा कुठून येणार? वापरलेली हवा कुठून जाणार? उन्हाळ्यात ताजं पाणी कुठून आणणार? कागदावर उत्तर नसेल तर तलाव उघडा ठेवा, एवढंच म्हणावं.

मालकांनी आणि पाहुण्यांनी एवढं तरी पाळावं

वास उग्र आला तर आधी दारं-खिडक्या उघडा, मग पाणी तपासा. वास मारायला म्हणून आणखी पावडर ओतू नका. जादा क्लोरीनची मात्रा द्यायचीच असेल तर तलाव रिकामा करून, हवा खेळती ठेवून, जाणकाराच्या देखरेखीखाली द्या.

पंख्याने हवा बाहेर टाकायची सोय पाण्याच्या पातळीजवळ, खालच्या बाजूला ठेवा. नुसता छताजवळचा एक्झॉस्ट वरची हवा ओढतो, पाण्यालगतचा थर तसाच राहतो.

टीसीएल पावडर आणि फरशीचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच बादलीत, एकाच कपाटात, एकाच पंपघरात नको. दोन्ही मिसळले की थेट क्लोरीन वायू सुटतो.

पोहण्याआधी साबण लावून अंघोळ सक्तीची करा. पाहुणा नाराज होईल ही भीती सोडा. लहान मुलांना दर तासाला बाहेर काढून शौचालयात न्या. कामगारांची पाळी आळीपाळीने लावा. कोणाला कामावर आल्यावर खोकला येतो आणि सुट्टीच्या दिवशी बरा वाटतो, असं होत असेल तर त्याला घरचा काढा देऊन गप्प बसवू नका, डॉक्टरकडे पाठवा. कामाच्या जागेमुळे होणाऱ्या दम्याची ती पहिली खूण असते.

पाहुण्यांसाठी नियम सोपा आहे. दार उघडल्यावर डोळे चुरचुरले, काचांवरून पाणी ओघळताना दिसलं, घशात खवखव झाली, तर मुलांना घेऊन बाहेर पडा. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तापलेल्या पाण्यापासून लांबच राहावं.

शेवटी प्रश्न रोजगाराचाच

पर्यटनाला विरोध म्हणून हे कोणी वाचू नये. बंद गिरण्या, अर्धवट प्रकल्प आणि मुंबईला जाणाऱ्या बस यांच्या आठवणी असलेल्या या पट्ट्याला पर्यटनाचा रोजगार हवाच आहे. पण धंदा एका अपघाताने बसतो. केरळात २०२५ मध्ये अमिबाच्या संसर्गानंतर तिरुवनंतपुरमजवळच्या आक्कुळम पर्यटन केंद्रातला पोहण्याचा तलाव बंद करावा लागला. तसं इथे घडलं तर एका रिसॉर्टचं नाही, अख्ख्या तालुक्याचं बुकिंग रद्द होईल.

छपराखालचे तलाव आपल्याकडे अजून हातावर मोजण्याइतकेच असतील, तोवरच नियम लावणं सोपं आहे. पन्नास झाल्यावर ते तोडायला सांगणं कोणत्याच सरपंचाला जमणार नाही. इन्सुलीच्या नाक्यावर गाडीची डिकी उघडून बघणारी यंत्रणा आहे. तलावाच्या दारात उभं राहून दोन मिनिटं नुसता श्वास घेऊन बघायला यंत्रणाही लागत नाही. येत्या ग्रामसभेत कोणीतरी हा विषय मांडला, तरी सुरुवात झाली म्हणायची.